विश्लेषण: वजन घटलं, पण मनाचं आणि नात्याचं काय? बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे न बोलले जाणारे प्रश्न

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची बातमी बहुतेक वेळा किलोंमध्ये सांगितली जाते. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद उपचारांसाठी मुंबईत आल्या, तेव्हा ‘बॅरिॲट्रिक सर्जरी’ हा शब्द घराघरांत पोहोचला आणि रोज चर्चा होती ती आज किती किलो उतरले याचीच. रुग्णालयांच्या जाहिरातींमधले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटोही तेच सांगतात.

पण या दोन फोटोंच्या मध्ये दीड-दोन वर्षं असतात. त्या काळात शरीर झपाट्याने बदलतं, खाण्याशी असलेलं नातं बदलतं, नवरा-बायकोमधली समीकरणं बदलतात आणि शरीरसंबंधांबद्दलचे नवे प्रश्न उभे राहतात. हे प्रश्न डॉक्टरांना विचारायची लाज वाटते आणि घरात विचारायची सोय नसते. त्याबद्दल वैद्यकीय संशोधन काय सांगतं, ते समजून घेऊ.

ही शस्त्रक्रिया नेमकी काय असते?

भारतात प्रामुख्याने दोन पद्धती वापरल्या जातात. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्ही शस्त्रक्रिया सहसा दुर्बिणीने होतात.

फक्त जागा कमी झाल्यामुळे वजन उतरतं असं नाही. जठर आणि आतड्यातून मेंदूला जाणारे भुकेचे आणि तृप्तीचे संदेशही बदलतात. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. म्हणजे पोटावर होणारी ही शस्त्रक्रिया मेंदूपर्यंत पोहोचते.

कोणाला सुचवली जाते?

अमेरिकेतील ‘एएसएमबीएस’ आणि आंतरराष्ट्रीय ‘आयएफएसओ’ या संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बीएमआय ३५ किंवा त्याहून जास्त असल्यास शस्त्रक्रियेची शिफारस करता येते. आशियाई लोकांमध्ये कमी वजनातच मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून त्यांच्यासाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील सुमारे २४ टक्के महिला आणि २३ टक्के पुरुषांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. यातल्या फार थोड्यांना शस्त्रक्रियेची गरज पडते. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं, गुडघेदुखी यांवर तिचा मोठा उपयोग होतो, याबद्दल वैद्यकीय जगात वाद नाही. पुढचे मुद्दे शस्त्रक्रियेच्या विरोधात नाहीत. ते तयारीबद्दलचे आहेत.

नैराश्य कमी होतं की वाढतं?

बहुतेकांमध्ये ते कमी होतं. मात्र सगळ्यांमध्ये नाही आणि कायमचं नाही.

‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांपैकी साधारण १९ टक्के लोकांना आधीपासून नैराश्य होतं आणि १७ टक्क्यांना एका बैठकीत ताबा सुटून खूप खाण्याचा विकार होता. शस्त्रक्रियेनंतर नैराश्याचं प्रमाण आणि तीव्रता घटल्याचं या आढाव्यात दिसलं.

पहिलं वर्ष ते दीड वर्ष उत्साहाचं असतं. दर आठवड्याला काटा खाली सरकतो, जुने कपडे सैल होतात, जिना चढताना दम लागत नाही. मग वजन एका ठिकाणी थांबतं. काहींचं थोडं परत वाढतं आणि ते अपेक्षितही असतं. कौतुक ओसरतं आणि नोकरी, कर्ज, घरातली भांडणं जिथल्या तिथे असतात. ‘वजन उतरलं की सगळं सुरळीत होईल’ ही आशा ज्यांनी मनात धरली होती, त्यांना हा टप्पा जड जातो.

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातील ८,८१५ रुग्णांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१६ मध्ये ‘जामा सर्जरी’त आला. शस्त्रक्रियेआधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं यांची त्यात तुलना केली होती. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या विभागात यावं लागण्याचं प्रमाण नंतरच्या काळात सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हा आकडा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. अशी वेळ आलेले रुग्ण एकूण १११ होते, म्हणजे शंभरात साधारण एक. आणि ९३ टक्के घटना आधीपासून मानसिक आजाराचं निदान झालेल्या रुग्णांच्या बाबतीत घडल्या. म्हणजे धोका कोणाला जास्त आहे, हे बऱ्याच अंशी शस्त्रक्रियेआधीच ओळखता येतं. गरज आहे ती वर्ष उलटल्यानंतरही या रुग्णांवर लक्ष ठेवण्याची.

मन उतरण्यामागे शरीराची कारणं असू शकतात का?

हो, आणि ती अनेकदा नजरेतून सुटतात. कमी खाणं आणि बदललेलं शोषण यामुळे ब-१२ जीवनसत्त्व, लोह, ड जीवनसत्त्व, थायमिन यांची कमतरता होऊ शकते. थकवा, चिडचिड, विसराळूपणा, उदास वाटणं ही त्याचीही लक्षणं असतात. म्हणून गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात आणि रक्ततपासणी ठरावीक काळाने करावी लागते. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास केस गळतात. ते बहुतेक वेळा परत येतात, पण तेवढ्या काळात आत्मविश्वासाला धक्का बसतोच.

जे रुग्ण आधीपासून नैराश्याची किंवा इतर मानसिक आजाराची औषधं घेतात, त्यांनी जास्त सावध राहायला हवं. बायपासनंतर काही औषधांचं शोषण बदलतं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या पुरेसा परिणाम करत नाहीत, असं होऊ शकतं. लिथियमसारख्या औषधाची रक्तातली पातळी वाढून ती धोकादायकही ठरू शकते. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख मानसोपचारतज्ज्ञांना आधी कळायला हवी.

खाण्याचा आधार गेला की काय होतं?

कंटाळा आला, भांडण झालं, एकटं वाटलं की खाणं, ही अनेकांची सवय असते. शस्त्रक्रियेनंतर हा मार्ग एका दिवसात बंद होतो. भावना मात्र राहतात.

आपल्याकडे त्यात आग्रहाची भर पडते. पंगतीत नको म्हटलं तरी वाढणं, गणपतीत ‘एक तरी मोदक’, होळीला पुरणपोळी. बायपास झालेल्या व्यक्तीने एकदम गोड खाल्लं, तर छातीत धडधडणं, घाम फुटणं, पोटात कळ, जुलाब असा त्रास होऊ शकतो. डॉक्टर त्याला ‘डंपिंग’ म्हणतात. शस्त्रक्रिया लपवलेली असेल, तर नकाराचं कारण सांगता येत नाही. मग सणसमारंभ टाळणं सुरू होतं आणि एकटेपण वाढतं.

दारूचा धोका वेगळा आहे. जठर लहान झाल्यावर मद्य रक्तात लवकर आणि जास्त प्रमाणात पोहोचतं, म्हणजे पूर्वीच्या निम्म्या पेल्यातही नशा चढू शकते. अमेरिकेतील दहा रुग्णालयांमधील १,९४५ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झाला. मद्यपानाच्या विकाराचं प्रमाण शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात ७.६ टक्के आणि नंतरच्या पहिल्या वर्षात ७.३ टक्के होतं. दुसऱ्या वर्षात ते ९.६ टक्क्यांवर गेलं. इथेही अडचण दुसऱ्या वर्षात दिसते, म्हणजे तपासणीच्या फेऱ्या कमी होऊ लागतात तेव्हाच.

लैंगिक आयुष्यात काय बदलतं?

लठ्ठपणाचा कामजीवनावर परिणाम होतो, तो केवळ दिसण्यामुळे नाही. पुरुषांमध्ये चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतात. मधुमेह आणि रक्तदाबामुळे रक्तवाहिन्या आणि नसा खराब होऊन लिंगाच्या ताठरतेवर परिणाम होतो. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणं, पीसीओएस, इच्छा कमी होणं, संबंधाच्या वेळी वेदना अशा तक्रारी दिसतात. पाठ, गुडघे आणि दम यांची अडचण दोघांनाही असते.

वजन उतरल्यावर यातलं बरंच सुधारतं. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढतं. २०१४ मध्ये ‘जामा सर्जरी’त आलेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या १०६ महिलांची दोन वर्षं तपासणी केली गेली. त्यांची संप्रेरकांची पातळी आणि लैंगिक समाधान या दोन्हींत सुधारणा आढळली.

पण चित्र पूर्ण गुलाबी नाही. त्याच नियतकालिकात २०१९ मध्ये अमेरिकेतील सुमारे दोन हजार रुग्णांचा पाच वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेआधी दहापैकी सुमारे सात जण आपल्या कामजीवनाबद्दल समाधानी नव्हते. या असमाधानी लोकांपैकी पाच वर्षांनी ठळक सुधारणा झाली ती निम्म्याच्या आसपास. स्त्रियांमध्ये निम्म्याहून थोडी जास्त, पुरुषांमध्ये थोडी कमी. उरलेल्यांच्या बाबतीत वजन उतरूनही प्रश्न तसाच राहिला.

याची कारणं अनेक असू शकतात. मधुमेहाने नसांचं झालेलं नुकसान नेहमीच भरून येत नाही. काही औषधांमुळे इच्छा कमी होते. आणि वर्षानुवर्षं जवळीक टाळत आलेल्या जोडप्याला ती पुन्हा कशी सुरू करायची, हे काटा सांगत नाही.

सैल त्वचेचा प्रश्न एवढा मोठा का?

पन्नास-साठ किलो उतरल्यावर पोट, दंड, मांड्या, छाती इथली त्वचा लोंबते. घड्यांमध्ये घाम साचतो, पुरळ येतं, वास येतो. कपड्यांत बारीक दिसणारी व्यक्ती आरशासमोर मात्र अस्वस्थ असते. काही जण जोडीदारासमोर कपडे बदलणं टाळतात, दिवा बंद असेल तरच जवळ येतात.

आणखी एक अनुभव अनेकांना येतो. शरीर बारीक झालं तरी मनातली प्रतिमा जुनीच राहते. दुकानात हात आपोआप मोठ्या मापाकडे जातो, बसमध्ये आपण दोन जागा अडवू असं वाटतं. डोळ्यांना दिसणारं मनाला पटायला वेळ लागतो. हे वेड नाही. मात्र ते वर्षानुवर्षं टिकलं, तर समुपदेशकाची मदत घ्यावी.

जास्तीची त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया वजन स्थिर झाल्यावर, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षानंतर करतात. इथे पैशांचा मुद्दा येतो. विमा नियामक ‘आयआरडीएआय’च्या २०१९ च्या नियमावलीतल्या कलमानुसार, बीएमआय ४० किंवा गंभीर आजारांसह ३५ असेल आणि इतर अटी पूर्ण होत असतील, तर लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया विम्यातून वगळली जात नाही. मात्र सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळली जाते. वैद्यकीय गरज सिद्ध झाली तर अपवाद होऊ शकतो. म्हणून वारंवार होणाऱ्या त्वचेच्या संसर्गाच्या नोंदी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवणं शहाणपणाचं.

शस्त्रक्रियेमुळे घटस्फोट होतात का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. त्याचं सर्वात मोठं उत्तर स्वीडनमधून आलं आहे. १९८७ मध्ये सुरू झालेला ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ अभ्यास आणि त्या देशाची शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही यांच्या आधारे २०१८ मध्ये ‘जामा सर्जरी’त निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पहिल्या अभ्यासात, नात्यात असलेल्या रुग्णांमध्ये विभक्त होण्याची शक्यता शस्त्रक्रिया न झालेल्या लठ्ठ व्यक्तींच्या तुलनेत २८ टक्क्यांनी जास्त होती. राष्ट्रीय नोंदवहीत सामान्य लोकसंख्येशी तुलना केली, तेव्हा घटस्फोटाची शक्यता ४१ टक्क्यांनी जास्त दिसली. त्याच वेळी, पहिल्या अभ्यासात एकट्या असलेल्या रुग्णांना जोडीदार मिळण्याची किंवा त्यांचं लग्न होण्याची शक्यता दुप्पट झाली. ज्यांचं वजन जास्त उतरलं, त्यांच्यात असे बदल जास्त होते.

‘२८ टक्के जास्त’ म्हणजे शंभरातली २८ लग्नं मोडली, असा अर्थ नाही. मूळ प्रमाण शंभरात दहा असेल, तर ते सुमारे तेरा होईल, असा त्याचा ढोबळ अर्थ. बहुसंख्य जोडपी एकत्रच राहिली. शिवाय शस्त्रक्रियेमुळेच नातं मोडलं, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. आधीच बिघडलेल्या नात्यातून बाहेर पडण्याचं बळ काहींना मिळालं असेल, ही शक्यताही संशोधक मांडतात.

स्वीडनचे आकडे महाराष्ट्राला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे विभक्त होणं कायद्याने आणि समाजाने सोपं आहे. इथे घटस्फोट होत नाही, पण ताण घरातच मुरतो. बायको बारीक झाली की नवऱ्याला असुरक्षित वाटणं, तिच्या नव्या कपड्यांवर टोमणे, फोन तपासणं. किंवा उलट, नवरा एकटाच सॅलड खातो म्हणून घरातला स्वयंपाक दोन प्रकारचा होणं. जोडीदारही जाड असेल, तर त्याच्यावर न बोलता दबाव येतो. म्हणूनच शस्त्रक्रियेआधीच्या समुपदेशनाला जोडीदाराला सोबत नेणं उपयोगी ठरतं.

अविवाहितांचा प्रश्न आणखी वेगळा. लग्न जमावं म्हणून मुलीला शस्त्रक्रियेसाठी नेलं जातं आणि ‘कोणाला सांगू नकोस’ अशी ताकीदही दिली जाते. आयुष्यभर गोळ्या, ठरावीक आहार आणि पोटावरचे व्रण सासरी लपत नाहीत. शस्त्रक्रियेचा निर्णय ज्याच्या शरीरावर ती होणार आहे त्याचाच असायला हवा. दुसऱ्याच्या इच्छेखातर शस्त्रक्रिया करून घेतली जात आहे का, हे समुपदेशकाने एकांतात विचारणं म्हणून महत्त्वाचं.

लोकांच्या नजरा वाढल्या की भीती का वाटते?

शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांमध्ये बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्यांचं प्रमाण लक्षणीय असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. काहींसाठी वाढलेलं वजन ही एक ढाल असते, कोणी आपल्याकडे बघू नये म्हणून. ती ढाल काही महिन्यांत गेली की अनोळखी नजरा, ओळखीच्यांची शेरेबाजी यांनी जुनी भीती जागी होते. बाहेरून यश दिसत असताना आतून घाबरलेली ही व्यक्ती ‘मला काय होतंय’ हे सांगू शकत नाही. अशा वेळी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं गरजेचं आहे.

कौतुकही टोचतं. ‘आता किती छान दिसतेस’ या वाक्यात ‘आधी दिसत नव्हतीस’ हे ऐकू येतं. ‘आता बरं वाटतंय का?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

गर्भधारणेबद्दल काय लक्षात ठेवावं?

वजन उतरू लागलं की बीजनिर्मिती सुधारते. वर्षानुवर्षं दिवस न गेलेल्या स्त्रीला अचानक दिवस जाऊ शकतात. पण शरीर झपाट्याने झिजत असताना गर्भाला पोषण कमी पडण्याचा धोका असतो. म्हणून साधारण १२ ते २४ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. ‘वजन उतरलं, आता गोड बातमी द्या’ असं म्हणणाऱ्या सासू-सासऱ्यांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवं. ते काम नवऱ्याने करावं.

बायपाससारख्या, शोषणावर परिणाम करणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये. त्यांचं शोषण कमी होऊ शकतं. तांबी किंवा इंजेक्शनसारखा पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून निवडावा.

सही करण्याआधी काय विचारावं?

* माझं मानसिक आरोग्याचं मूल्यमापन कोण करणार, आणि ते फक्त ‘फिटनेस’चा कागद मिळवण्यापुरतं आहे का?
* दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात पाठपुरावा कसा होईल? आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक तेव्हा उपलब्ध असतील का?
* मी आत्ता घेत असलेल्या औषधांपैकी कोणती बदलावी लागतील?
* किती वजन उतरेल, आणि किती परत वाढू शकतं?
* शरीरसंबंध पुन्हा कधी सुरू करता येतील? गर्भनिरोधक कोणतं वापरावं?
* त्वचेच्या शस्त्रक्रियेचा खर्च अंदाजे किती, आणि विमा त्यात काय देतो?

यातला शरीरसंबंधांचा प्रश्न विचारायला सर्वात अवघड वाटतो. तोंडाने विचारणं जमत नसेल, तर कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्यावा. त्यांच्यासाठी तो रोजचा विषय आहे.

मदत कुठे मिळेल?

सतत उदास वाटणं, झोप उडणं, खाऊन मुद्दाम उलटी करणं, दारूचं प्रमाण वाढणं, जगण्यात अर्थ नाही असं वाटणं, यांपैकी काहीही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. आपल्या सर्जनला कळवावं आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी जवळच्या व्यक्तीला सांगावं. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून तिथे मराठीतही बोलता येतं. वजन परत वाढलं म्हणून डॉक्टरांकडे जायची लाज वाटत असेल, तरीही फोन करावा. वजन थोडं परत वाढणं हा गुन्हा नाही, आणि त्यासाठी उपचार सोडून देण्याचं काहीच कारण नाही.